बुडबुडा मधोमध

रविवारी सकाळी सुताराने लेकीला सरळ उभं केलं, कमरेच्या दोन्ही हाडांवर सुतारकामाची लेव्हल आडवी टेकवली आणि श्वास रोखून धरला. काचेतला बुडबुडा डुलला, सरकला आणि बरोब्बर मधोमध थांबला.

"बघ! वाघीण आहे माझी! दोन्ही पाय सारखे. डॉक्टरांना काय, ऊठसूट एक्स-रे काढायची हौसच असते."

दीड वर्षापूर्वी लेक झोपाळ्यावरून पडली, तेव्हा "नुसता मुरगळलाय" म्हणत यानेच आठ दिवस तेल चोळलं होतं. घोट्याच्या वर, हाड जिथून वाढतं, त्या कोवळ्या चकतीलाच चीर गेलेली, हे नंतर एक्स-रेत कळलं. "हा पाय कदाचित मागे राहील," डॉक्टर म्हणाले होते. "दर सहा महिन्यांनी आणा. वेळेत कळलं तर काहीतरी करता येतं." तो एकदा घेऊन गेला. पुढे डॉक्टरांच्या त्या खोलीत बसायचा त्याला धीरच होईना. त्यापेक्षा दर रविवारी घरची लेव्हल बरी. तीस वर्षांत तिने कधी दगा दिला नव्हता.

"झालं ना? जाऊ मी?" लेक घाईने वळली आणि फरशीवर टक्कन काहीतरी वाजलं.

"मोजा काढ."

"राहू दे ना, बाबा."

"काढ म्हणतो ना!"

मोज्यातून प्लायचे तुकडे निघाले. तळपायाच्या मापाने कापलेले, तीन-तीन मिलिमीटरचे, कडा घासून गुळगुळीत केलेले. एकावर एक तीन. लंगड्या टेबलाखाली पाचर सरकवणारा सुतारच नव्हे, असं तो कारागिरांना उठता-बसता ऐकवायचा. आणि इथे घरातच हे!

"अगं, पण का?"

"मागे एकदा बुडबुडा सरकला होता ना, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत." लेक खाली बघत म्हणाली. "पहिला तुकडा तेव्हाचा."

सुताराने खाली बसून तिन्ही तुकडे उचलले. पुढच्याच रविवारी बुडबुडा आपसूक जागेवर आला होता आणि त्याने एका शब्दाने विचारलं नव्हतं. विचारायचंच नव्हतं त्याला.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला. "तेव्हाही आणि नंतरही. उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जायचं."

"रागावतील?"

"रागावू देत. मलाच रागावतील."

तो डोळे पुसत उठला. लेक अनवाणी उभी राहिली. त्याने पुन्हा लेव्हल टेकवली. बुडबुडा या टोकाकडून त्या टोकाकडे पळत राहिला, काही केल्या थांबेना.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "आधी हात स्थिर करा. मग माप घ्या."