निष्पत्ती क्रमांक नऊ

शेवटचं वर्षावन शाळेच्या काचघरात उरलं होतं, आणि चौथीच्या अभ्यासक्रमात न बसणारं काहीही तिथे ठेवायचं नाही, असा नियम होता. नियम पाळून घेणाऱ्या यंत्राचा हात सकाळपासून किडे आणि शेवाळ वेचून भट्टीत टाकत होता. आता तो एका चिमुकल्या बेडकावर येऊन थांबला.

"अध्ययन निष्पत्ती सांगा. यातून चौथीचा विद्यार्थी काय शिकतो?" यंत्र म्हणालं.

"बाई, सांगा ना काहीतरी!" मृण्मयी ओरडली.

"अगं, बेडूक पाचवीला आहे," नाडकर्णी बाई हताशपणे म्हणाल्या. "चौथीला फक्त पोपट आणि माकड."

"म्हणजे एक इयत्ता आधी जन्मला म्हणून मरायचं त्यानं?"

हात खाली येऊ लागला. मृण्मयीने भिंतीवरचा निष्पत्तींचा तक्ता भराभर वाचला आणि प्रयोगपेटीतला स्क्रूड्रायव्हर उचलला.

"तंत्रज्ञान, निष्पत्ती नऊ!" ती दातओठ खात म्हणाली. "विद्यार्थी यंत्र उघडून त्याचे भाग ओळखतो!"

"जुळते. सुरू करा," म्हणत यंत्राने बेडकाला सोडून हात तिच्यापुढे धरला.

पहिलाच स्क्रू हलेना. बाई पदर खोचून पुढे आल्या.

"सरक. मी फिरवते."