चौतीस नंबरचे बूट

हरकीरतसिंगांनी चौतीस नंबरच्या खणातला बूट पुसायला उचलला आणि त्यांचा हात थांबला. तळाच्या खाचांमध्ये लाल रंग बसला होता.

दर रविवारी गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात बसून आल्यागेल्याचे जोडे पुसायचे, हा त्यांचा कॅनडात आल्यापासूनचा नेम. दाराशी चाळीस ट्रक झाले, आता नगरपालिकेची निवडणूक लढवत होते, तरी नेम मोडला नव्हता. परवा त्यांच्या प्रचाराच्या फलकांवर कुणीतरी लाल रंग फासला, फोटोतला गळा चिरल्यासारखा. "संशय कुणावर?" असं पोलिसांनी विचारताच त्यांच्या तोंडून म्हाताऱ्या गॉर्डनचं नाव निघून गेलं. गॉर्डन विरोधकाचा प्रचार करत होता. या देशातलं पहिलं काम त्यांना त्यानेच दिलं होतं, आपल्या बेकरीत. पोलीस काल त्याला घेऊन गेले, अजून सोडलं नव्हतं.

एवढ्यात चौतीस नंबरचा बिल्ला पुढे आला. समोर त्यांचा मेहुणा उभा होता. प्रचाराची सगळी धुरा त्याच्याच खांद्यावर.

"जीजाजी, गावभर तुमच्यासाठी हळहळ चाललीय. सीट आपलीच समजा!" तो हसला. मग त्याची नजर बुटावर गेली आणि हसू मावळलं.

आत कीर्तन रंगात आलं होतं. हरकीरतसिंगांनी फडकं ओलं केलं आणि एकेक खाच कोरून कोरून स्वच्छ केली. मग रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी बूट पुढे धरले.

"पुढच्या वेळी दुसरे घालून जा," ते हलकेच म्हणाले. "आणि ते इथे आणू नकोस."