जाईबाईंचं भाषण

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातल्या गोळीबारात जाईबाईंचा मुलगा बुधाजी गेला. चौथ्या दिवशी त्या लालबागहून गिरगावात, पटकथाकार नाबरांच्या खोलीवर आल्या. “तुमच्या सिनेमातली आई बोलते तसं मला लिवून द्या. उद्या शोकसभा हाय.” नाबरांनी तासाभरात भाषण लिहून ऐकवलं. त्यात बुधाजी वाघासारखा लढला होता. “चांगलं हाय,” जाईबाई म्हणाल्या, “पण बुधाजी लढाया गेला न्हवता. धाकटी भईण गर्दीत हरवली, तिला हुडकाया गेला. ती घरी आली. तो न्हाई आला.” नाबरांनी कागद फाडला. “हेच बोला.” सभेत त्या तेवढंच बोलल्या. मैदानातली माणसं उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी नाबरांच्या नव्या चित्रपटाचे निर्माते त्यांच्या खोलीवर आले. “ही वाक्यं चित्रपटातल्या आईला द्या.” “ती माझी नाहीत,” नाबर म्हणाले. चित्रपट हातचा गेला. पुढे नाबर नाटकं लिहू लागले, ती गिरणगावात गाजली. मुलगा गमावलेली आई मात्र त्यांनी पुन्हा लिहिली नाही.