कडकडीत उपास

डॉक्टर शैला केतकरांनी शकूचा रिपोर्ट आधी चष्म्यातून वाचला, मग चष्मा कपाळावर चढवून वाचला. आकडा काही हलला नाही.

"काल रक्त दिलंत ते उपाशी पोटीच ना?"

"कडकडीत उपास व्हता, बाई," शकूच्या सासूबाई, मथुराबाई, तिच्याआधी बोलल्या. "म्या सोता धरायला लावला."

"धरायला लावला? म्हणजे नेमकं खाल्लं काय?"

"उपासाचंच की. दुसरं काय खाईल? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, दाण्याचा लाडू. तुपाला हात आखडला न्हाई, आजारी माणूस हाय."

मथुराबाईंच्या खिचडीबद्दल थोडं सांगायला हवं. हिंजवडीतलं त्यांचं शेत गेलं, त्यावर काचेच्या भिंतींची आयटी कंपनी उभी राहिली, पण तुपाची धार बारीक झाली नाही. एकदा सकाळी त्यांनी खिडकी उघडी ठेवून कढईत जिरं टाकलं, तर कंपनीची बस जागेवर थांबली. ड्रायव्हरसकट सगळे इंजिनियर माना वर करून वास घेत बसले, आणि मागे पार वाकडपर्यंत गाड्या तुंबल्या. लोक उगीच रस्त्याला नावं ठेवतात.

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर टाकला.

"अहो, उपाशी म्हणजे उपाशी! उपास नव्हे. उपाशी या म्हणून फोन केला, तेव्हा फोनवर आपणच होतात ना? तपासणीला बोलावलं होतं, एकादशीला नव्हे."

आणि त्या हसल्या. शनिवार पेठेत ही बाई वर्षातून एकदा हसते असं म्हणत, तेही मार्चअखेर पाहून. मथुराबाईंनी आधी पदर तोंडाला लावला, मग तोही सोडला आणि मांडीवर थाप मारून हसत सुटल्या. "अगं बया, मीच खुळी! मीच घातलं समदं तिच्या पोटात!"

"लॅबवाल्यानं लिहिलंय, रक्त दुधासारखं दिसतंय म्हणून. मी घाबरलेच." डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. "हे बघा, हिचा हा ल्युपस म्हणजे शरीर स्वतःवरच उठतं. सांधे धरतं, कातडी धरतं, आणि तुपाचा थेंब न खाता रक्तातली चरबीसुद्धा बिघडवतं. गोळ्या त्यात भर घालतात ती वेगळीच. मग तिशीतल्या बाईचं हृदय साठीतल्यासारखं होऊन बसतं. हा आकडा बघून मी हिला आजच्या आज हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडणार होते. पण खिचडीचं पाप असेल, तर मिटलंच. पुढच्या महिन्यात पुन्हा करू. उपाशी!"

"पाणीसुदिक देत न्हाई आता," मथुराबाई म्हणाल्या, आणि पुन्हा हसल्या.

शकू दोघींकडे बघत होती. एसीच्या गारव्याने तिची बोटं नेहमीसारखी पांढरी पडली होती. एका हाताने तिने दुसऱ्या हाताचं बोट दाबून पाहिलं. कुणा दुसरीचंच वाटलं.

खिचडी तिने खाल्ली नव्हती. तोंड आतून सगळं फोडांनी भरलेलं, त्यात हिरवी मिरची. सासूचं मन मोडायला नको म्हणून "वाटेत खाते" म्हणाली आणि भाजी-लाडवासकट डबा गेटवरच्या वॉचमनला, बद्रीनाथला दिला. बुलढाण्याकडचा माणूस, इथे एकटा राहतो. त्याने डबा असा चाटून दिला की घासायचं काम उरलं नाही. आदल्या संध्याकाळच्या चार घास भातानंतर शकूच्या पोटात नुसतं पाणी होतं. तरी रक्त दुधासारखं निघालं होतं.

आणि आज या दवाखान्याचा जिना चढताना ती दोनदा थांबली होती. सासूला म्हणाली, चपलेचा पट्टा सुटतोय.

शकूच्या गालांवर लाल डाग उमटल्यापासून मथुराबाई घरात अशा हसल्या नव्हत्या. शकूने भीती वाटायची वाट पाहिली. वाटेना. रडूही येईना. गप्प बसलं तर एक महिना हे हसू घरात राहील, एवढंच मनात आलं. मग महिन्यानंतर काय, तेही आलं.

"मी खिचडी खाल्ली नव्हती," ती म्हणाली. पत्ता सांगावा तशा आवाजात.

डॉक्टरीणबाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. "लाडू? भाजी?"

"काहीच नाही. पाणी प्यायले."

"जिना चढताना काही होतं?"

"छातीत दाबल्यासारखं होतं. थांबलं की जातं."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उचलून पुन्हा समोर ठेवला आणि फोन जवळ ओढला. "आत्ता पाठवते आहे," त्या कुणाला तरी म्हणाल्या. "नाही, उद्या नाही. आत्ता. वय एकतीस."

मथुराबाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं, ते आवरायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मग डबा मोकळा कसा आला गं?"

"बद्रीनाथला दिला, आत्याबाई. गेटवरच्या."

मथुराबाईंनी सुनेकडे पाहिलं, फोनवर बोलणाऱ्या बाईंकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे सरकवून त्यांनी टेबलावरचा तो कागद हाताने झाकला.

"बाई, मग त्याचं रगत तपासा की," त्या म्हणाल्या. "खिचडी त्यानं खाल्लीया."