'घर' या रकान्यात

नाना जाऊन वर्ष झालं होतं, पण सर्व्हरवर ते बोलत होते. शैलजाने सांगलीहून लॉगिन केलं आणि विचारलं, "नाना, मी पेरूच्या झाडावरून पडले तेव्हा तुम्ही मला काय म्हणालात?"

"तू कधी पडलीस?" पडद्यावरचे नाना गोंधळले. "मला तू आठवतेस ती थेट लग्नाच्या मांडवातली."

तिने तडक भावाला फोन लावला. वडिलांच्या आठवणी सर्व्हरवर त्यानेच चढवल्या होत्या.

"हेरंब, माझं लहानपण का पुसलंस? काय लपवायचंय तुला?"

"काही पुसलं नाही गं, ताई. लॉगिन करणाऱ्याला फक्त आपल्या घराचं फोल्डर दिसतं, त्याबाहेर जाता येत नाही. अर्जात 'घर' या रकान्यात काय लिहिलंस?"

"दामले. तीस वर्षं प्रत्येक अर्जात तेच लिहितेय."

"मग लहानपण माहेरी, ओकांच्या घरात राहिलं. बदलून देतो, पण मग लग्नानंतरचे नाना दिसणार नाहीत. एकाला एकच घर मिळतं."

तिचा अजून विश्वास बसेना. "आणि तुला किती दिसतात?"

"मला अख्खे दिसतात, ताई. माझं घर कधी बदललंच नाही."