न सांगता गेलेली आई

शिशुगृहाने दिलेली डबी फ्रिजवर ठेवून वीस दिवस झाले होते. ती घरातले आवाज टिपायची आणि तिकडे सात महिन्यांच्या बाळाच्या पाळण्याजवळ ते ऐकू यायचे. आधीच्या तीन घरांच्या आवाजांत बाळ रुळलं नव्हतं. इथे रुळलं, तर ते हेमांगी आणि निरंजनला दत्तक मिळणार होतं.

म्हणून दोघं रेडिओवरच्या निवेदकांसारखे बोलत होते. काल मात्र दूध उतू गेलं, हेमांगी नवऱ्यावर ओरडली आणि तो पुटपुटला, "हळू, डबी ऐकतेय."

"मग त्या डबीशीच संसार कर!" म्हणत ती दार आपटून बँकेत निघून गेली.

आज शिशुगृहातल्या कुंदाताईंचा फोन आला. हेमांगीने आधीच माफी मागून टाकली. "कालचं भांडण..."

"भांडणात तो मस्त झोपला होता हो," कुंदाताई म्हणाल्या. "पण रोज तुम्ही 'येते हं' म्हणून निघता, मग तो निवांत खेळतो. संध्याकाळी 'आले' म्हणालात की हसतो. काल न सांगताच गेलात. दिवसभर त्याने बाटली तोंडाला लावू दिली नाही."

"मग आता?" हेमांगीने विचारलं.

"आता त्याला घरी न्यायला या. थांबा, फोन त्याच्या कानाशी धरते. तुम्हीच सांगा त्याला."

हेमांगीने रोजचेच शब्द उच्चारले.

"येते हं, बाळा."

"मीपण येतो रे!" चपला शोधत निरंजन ओरडला, वीस दिवसांत पहिल्यांदाच मोठ्याने.