वार कोणता?

लेकीने गेम लावून रिमोट हातात दिल्यापासून बाबांच्या डोक्यात शस्त्रांचा नुसता गुंता झाला होता.

"हातोड्याचा वार जड, पण तो उचलेपर्यंत आपलाच निकाल लागतो. राक्षस जवळ आला की तलवारीचा वार, लांब असला की भाल्याचा. कळलं?"

"कळलं," म्हणत बाबा अंगावर आलेल्या राक्षसापुढे भाला शोधत बसले.

लेक खो खो हसली. "अहो बाबा, आधी बघायचं, जवळ आलाय की लांब आहे. मग वार ठरवायचा!"

हे मात्र बाबांनी घोकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्मरणशक्ती तपासताना डॉक्टरांनी अगदी सोप्यापासून सुरुवात केली, "काका, आज वार कोणता?"

बाबा गडबडले. लेकीच्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, "जवळ आलाय की लांब आहे गं?"